गंजिफा आणि त्यांचे चितारी : थळच्या किनाऱ्यावरून एक टिपण

१. प्रास्ताविक

थळ हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे तें मुख्यत्वें समोरच्या खांदेरी व उंदेरी ह्या दोन बेटांमुळें. इ. स. १६७९ मध्यें शिवछत्रपतींनीं खांदेरीवर तट उभारण्याचें काम हातीं घेतलें, मायनाक भंडारी तेथें पाय रोवून बसला, तें काम मोडण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांनीं आरमार धाडिलें, आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभीं सिद्दीनें उंदेरी बळकाविली, हा वृत्तान्त आतां सर्वश्रुत आहे. इ. स. २०२५ मध्यें मराठ्यांच्या इतर अकरा दुर्गांसह खांदेरीचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. येणेंप्रमाणें तटाबुरुजांची योग्यता जगानें मान्य केली. परंतु ह्याच कोंकणपट्टींत ज्या वस्तू तळहातावर मावतील इतक्या लहान घडल्या, त्यांची नोंद कोणत्या यादींत आहे, असें विचारल्यास उत्तर समाधानकारक मिळत नाहीं. तट ढासळला तरी त्याचा पाया राहतो. लहान वस्तू हरवली म्हणजे तिच्यामागें कांहींच राहत नाहीं. म्हणून अशा वस्तूंपैकीं एका प्रकाराचा, म्हणजे हातानें रंगविलेल्या गंजिफांचा, येथें विचार करावयाचा आहे.

२. चौलचें लाखकाम

थळपासून दक्षिणेस, अलिबाग ओलांडून गेलें म्हणजे चौल व रेवदंडा लागतें. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल ह्यानें चौलच्या रेशमाबरोबरच तेथील कारागिरांच्या लहान पेट्या, डबे व चिनी धाटणीच्या नाजूक वस्तू यांची आणि नानाविध रंगांच्या लाखकामाची वाखाणणी केली आहे. तेव्हां लांकडावर लाख चढवून तीवर रंगकाम करण्याची विद्या ह्या किनाऱ्यावर चारशें वर्षांपूर्वीं नांवारूपास आलेली होती, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. चौलची ती भरभराट बंदराबरोबर ओसरली. दक्षिण कोंकणांत मात्र सावंतवाडी येथें लाखकामाची विद्या चितारी लोकांच्या हातीं टिकली. चौलचे कारागीर वाडीस गेले, असें अनुमान एवढ्यावरून काढूं नये; दोन्ही ठिकाणीं द्रव्य एक होतें व हात कुशल होते, इतकेंच निश्चित आहे.

३. खेळाचें मूळ

गंजिफा हा शब्द फारशींतून आला. हिंदुस्थानांतील त्याचा जुना लेखी उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तांत सांपडतो. इ. स. १५२७ मध्यें त्यानें सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्या. शाह हसनास त्यांची आवड होती. अबुल फज्लच्या 'आईन-इ-अकबरी'त ह्या खेळाचें सविस्तर वर्णन आहे. तेथें बारा रंग व प्रत्येकीं बारा पानें, अशी १४४ पानांची जुनी रचना सांगितली असून त्या रंगांचे अधिपति अश्वपति, गजपति, नरपति, गढपति अशा देशी नांवांनीं दिले आहेत. त्यांत एक नवपति, म्हणजे नौकांचा स्वामी, आहे. आरमाराच्या इतिहासानें गाजलेल्या ह्या किनाऱ्यावरील वाचकांस ही गोष्ट विशेष वाटेल. खेळाचें नांव परकी असलें तरी त्याचा संसार येथें लवकरच देशी झाला होता, हें ह्या नांवांवरून उघड होतें.

पुढें दोन प्रकार विशेष रूढ झाले. पहिला मोगली, आठ रंगांचा व ९६ पानांचा; मराठी मुलखांत त्यास चंगकांचन म्हणत. दुसरा दशावतारी, दहा रंगांचा व १२० पानांचा. ह्या विषयावर संस्कृतांतही लेखन झालें. गिरिधर नामक ग्रंथकाराचें 'गंजीफाखेलन' हें प्रकरण प्रसिद्ध आहे. आणि औरंगाबादचे हरिकृष्ण यांनीं इ. स. १८७१ च्या 'क्रीडाकौशल्य' ह्या ग्रंथांत इतर खेळांबरोबर गंजिफांचाही परामर्श घेतला. पोथ्यांच्या संग्राहकांनीं खेळ म्हणजे क्षुल्लक विषय असें मानूं नये; आपल्या पूर्वींच्या पंडितांनीं तसें मानिलें नव्हतें.

४. दशावतारी संचाची रचना

प्रत्येक अवताराचा एक रंग. त्यांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा हुकमाचीं नव्हेत अशीं साधीं पानें. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पांच रंगांत प्रधानाच्या खालोखाल दश्शा व सर्वांत खालीं एक्का. परशुरामापासून कल्कीपर्यंतच्या पांचांत ह्याच्या उलट, म्हणजे एक्का वर व दश्शा तळाशीं. तिघे खेळणारे, प्रत्येकास चाळीस पानें. दिवसा खेळ असल्यास रामाचा राजा ज्याच्या हातीं तो उतारी करी, रात्रीं असल्यास कृष्णाचा राजा ज्याच्या हातीं तो.

साध्या पानांवर त्या त्या अवताराची खूण पानाच्या आंकड्याइतक्या वेळां काढावी लागते. एक ते दहा ह्या आंकड्यांची बेरीज ५५. दहा रंगांच्या मिळून ५५० खुणा होतात, आणि त्यांखेरीज राजे व प्रधान यांचीं वीस चित्रें. एवढा संसार लहानशा वाटोळ्या चकत्यांवर मांडावयाचा, आणि दश्शाच्या पानावरील दहा मासे एकमेकांस न खेटतां एकसारखे उतरावयाचे, म्हणजे चिताऱ्याच्या हाताची परीक्षा राजाच्या चित्रापेक्षां दश्शांतच अधिक होते. संग्राहक मात्र बहुधा राजाच जपतात!

मत्स्याची खूण मासा, कूर्माची कांसव, परशुरामाची परशु. ह्यांविषयीं फारसा घोंटाळा होत नाहीं. इतर अवतारांच्या खुणा प्रदेशपरत्वें बदलतात. शंख कोणत्या अवताराचा, चक्र कोणाचें, रामाची खूण बाण कीं वानर, हें ज्या त्या संचावरूनच ठरवावें लागतें. यास्तव सुटें पान हातीं आल्यास त्यावर घाईनें नांव घालूं नये.

५. घडण

सावंतवाडीच्या पद्धतींत व इतरत्रही मूळ क्रिया सारखीच. कागदाचे अगर जुन्या कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें एकावर एक चिकटवून वाळवावयाचे, त्यांच्या वाटोळ्या चकत्या कापावयाच्या, वर पांढऱ्या मातीचा हात देऊन गुळगुळीत दगडानें घोटावयाच्या, मग कुंचल्यानें जमीन, आकृति व शेवटीं रेघा, आणि सर्वांवर लाखेचा झिलईदार लेप. श्रीमंतांसाठीं हस्तिदंती व कांसवाच्या कवचाचीं पानेंही होत. संच ठेवण्याची लांकडी पेटीही रंगविलेली असे.

पानाची पाठ एकाच रंगाची व निर्मळ ठेवावी लागते. तीवर लहानसा डाग राहिला तरी पान ओळखूं येतें व डाव बिघडतो. अर्थात् जेथें कारागिरानें आपलें नांव लिहावें, ती जागाच खेळाच्या नियमानें त्यास बंद होती. पोथीच्या लेखकास पुष्पिका असते. तींत शक, तिथि व नांव मिळतें. गंजिफाकारास पुष्पिका नाहीं. त्याच्या अनामिकतेचें हें एक कारण वस्तूच्या घडणींतच आहे, असें आम्हांस वाटतें.

६. ऱ्हास व पुनरुज्जीवन

छापील, स्वस्त, बावन पानांचे विलायती पत्ते बाजारांत आल्यावर हातानें रंगविलेल्या १२० पानांस गिऱ्हाईक उरलें नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडींत ही कला जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी यांच्यासारखे अगदीं थोडे उरले. अशा वेळीं वाडीचे श्रीमंत शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं तिच्यांत लक्ष घातलें. राणीसाहेबांनीं पुंडलिक चितारी यांजकडून ती स्वतः शिकून घेतली, आणि इ. स. १९७१ च्या सुमारास राजवाड्यांतच लाखकामाची व गंजिफांची कार्यशाळा सुरू झाली. मुंबईंत दीर्घकाल राहिलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनीं देशभर गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास केला व इ. स. १९८२ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील गंजिफांची सूचि प्रसिद्ध केली. आपल्या घरच्या वस्तूची पहिली व्यवस्थित मोजदाद परदेशच्या संग्रहालयांत व्हावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

७. संग्राहकांस विनंति

पटाच्या एका पानासही पटाइतकीच किंमत आहे असें नाहीं. पण पान हरवल्यास पटाची किंमत जाते. ११९ पानांनीं दशावतारी खेळ होत नाहीं. म्हणून पान गहाळ झालें म्हणजे घरचे लोक दुसऱ्या चिताऱ्याकडून तें नवें करून घेत. असें भरतीचें पान हात, रंग अगर जाडी ह्यांवरून ओळखूं येतें, आणि व्यापारी तें कमअस्सल म्हणून बाजूस काढतो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीनें हेंच पान सर्वांत बोलकें. मूळ संच रंगविला गेल्यानंतरही तो त्या घरांत खेळला जात होता, आणि जवळपास तसें पान करून देणारा चितारी हयात होता, ह्या दोन्ही गोष्टींचा तोच पुरावा.

तेव्हां ज्यांच्याकडे जुन्या दफ्तरांच्या रुमालांत अगर देवघराच्या फडताळांत गंजिफा असतील त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. राजांचीं चित्रें चौकटींत बसविण्यासाठीं संच फोडूं नये. पेटी वेगळी विकूं नये. मालकाचें नांव अगर शक असल्यास तो तींवरच सांपडण्याचा संभव असतो. पानांची संख्या, व्यास, पाठीचा रंग, प्रत्येक अवताराची खूण व भरतीचीं पानें यांची यादी करावी. संच कोणत्या गांवाहून व कोणत्या मार्गानें आला तेंही त्याच दिवशीं लिहून ठेवावें. मागाहून तें कोणास आठवत नाहीं.

खांदेरीचा तट समुद्राच्या लाटा सोसून उभा आहे. गंजिफेच्या पानास दमट हवेचा एक पावसाळा किंवा वाळवीची एक रात्र पुरते. ज्यांनीं तट बांधिले त्यांचीं नांवें कागदोपत्रीं आहेत. ज्यांनीं पानें रंगविलीं त्यांचीं नांवें त्या पानांच्या रेघांखेरीज कोठेंच नाहींत. तीं रेघांवरून वाचण्याची विद्या पुढें कोणी सिद्ध केलीच, तर तिला साधन लागेल तें अखंड व नोंद झालेल्या संचांचें. तें जतन करणें संग्राहकांच्या हातीं आहे.