झिलईवरचा रंग

आमच्यापैकी एकीच्या घरातील न्हाणीघराच्या भिंतींवर गेली चाळीस वर्षे फिक्या गुलाबी टाइल्स आहेत; मधूनमधून एखाद्या टाइलवर तपकिरी फुलांचा गुच्छ. घर नवे होते तेव्हा ही फुले सुबत्तेची खूण होती. आज पाहुणा आत जाऊन आला की यजमानीणच आधी ओशाळते. गवंड्याने हिशेब मांडला: जुन्या टाइल्स फोडणे, मलबा तीन जिने उतरवणे, वॉटरप्रूफिंग नव्याने करणे, नव्या टाइल्स, मजुरी. आकडा ऐकून तो विषय मिटला. शिवाय फोडाफोडीत एखादा पाइप दुखावून खालच्या घराच्या छतातून पाणी ठिबकू लागले, तर त्याची किंमत केवळ पैशांत मोजावी लागत नाही. तेव्हा आहे त्याच टाइलांवर रंग द्यावा, असा विचार पुढे आला.

यावर आमच्यात जो वाद झाला, त्यातून हे टिपण निघाले. एका पक्षाचे म्हणणे असे की, भिंतीवर रंग देणे ठीक. टाइलवर रंग देणे ही लबाडी. वस्तूने आपले वय लपवू नये. म्हणणे ऐकायला भारदस्त आहे. परंतु टाइलचा इतिहास चाळल्यावर आम्हांला वाटू लागले की, लबाडीचा आरोप करायचाच तर तो प्रथम टाइलवरच करावा लागेल.

नवव्या शतकात इराकमध्ये, विशेषतः बसऱ्याच्या परिसरात, चिनी पांढरी भांडी येऊन पोहोचली होती. तेथल्या कुंभारांपाशी तशी पांढरी माती नव्हती आणि तितक्या प्रखर आचेच्या भट्ट्याही नव्हत्या. त्यांनी तोड काढली ती अशी: आपल्या पिवळसर मातीच्या भांड्यावर शिशाच्या झिलईत कथलाची भस्मे मिसळून एक अपारदर्शक पांढरा थर चढवला. आत माती तीच, वरून चीन! पुढे ही युक्ती स्पेन, इटली असा प्रवास करत हॉलंडला गेली. सतराव्या शतकाच्या मध्यास मिंग राजवट कोसळली, चिनी मालाची आवक घटली आणि डेल्फ्टच्या कुंभारांनी निळ्या-पांढऱ्या नकलेचा बाजार काबीज केला. त्याच गावच्या फर्मिअरने रंगवलेल्या दूध ओतणाऱ्या मोलकरणीच्या चित्रात खालच्या बाजूस नीट पाहावे. भिंत जमिनीला मिळते तेथे टाइलांची एक ओळ आहे. चुन्याच्या भिंतीला ओल लागू नये आणि पुसताना ती मळू नये, एवढाच तिचा उद्देश. म्हणजे टाइल भिंतीवर चढली तीही मुळात काटकसरीपोटी. (पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दालनात कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग झोर्झ कुलासो याने १९३५ साली टाइलांवर रंगवले आहेत. ते पाहताना काटकसर आठवत नाही, हे मान्य. पण ती याच घराण्यातली श्रीमंत शाखा.)

रंगवणाऱ्या हाताचे काय झाले, हेही सांगायला हवे. १७५६ साली लिव्हरपूलमध्ये जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी सहा तासांत बाराशेहून अधिक टाइलांवर चित्रे छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले. छाप कागदावरून टाइलवर उमटवायची, की झाले. आमच्या मैत्रिणीच्या भिंतीवरील तपकिरी गुच्छ सॅडलरच्याच वंशातले; कोणाही चितारीने ते काढलेले नाहीत. तेव्हा त्यांवर ब्रश फिरवताना कुणा कलावंताचा अवमान होतो, या भीतीचेही कारण उरत नाही.

मात्र एक फरक खरा आहे आणि तो दडवणे योग्य नव्हे. बसऱ्याची झिलई काय किंवा लिव्हरपूलची छाप काय, दोन्ही अग्नीतून गेलेली. भट्टीत झिलई वितळते, काचेसारखी होते आणि मातीशी एकजीव होते. आपण घरी लावतो तो रंग भट्टीत जात नाही. झिलईला छिद्रे नसतात, त्यामुळे साधा रंग तिला धरायला जागा सापडत नाही. पहिल्या पावसाळ्यातच त्याचे पोपडे निघतात. म्हणून एपॉक्सी. १९३०च्या दशकात पिएर कास्तान हा स्विस रसायनज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी या राळेचा शोध घेत होता. दोन घटक एकत्र केले की राळ आपसूक कठीण होते, विस्तव लागत नाही. कवळीकडून न्हाणीघराकडे झालेला हा प्रवास आम्हांला तरी समर्पक वाटतो.

तरीही राळेच्या भरवशावर राहून भागत नाही. साबणाचा आणि खाऱ्या पाण्याचा थर आधी खरवडून काढावा लागतो, बुरशी आलेल्या सांधी पुन्हा भराव्या लागतात, मग पॉलिश पेपरने झिलईची चकाकी मारावी लागते. रंगारी टाळतात ते हेच काम, कारण ते दिसत नाही. त्यानंतर प्रायमर, दोन पातळ हात आणि काही दिवस न्हाणीघर पूर्ण कोरडे. एकच न्हाणीघर असलेल्या घरात हा काळ शेजाऱ्यांच्या सौजन्यावर काढावा लागतो. एवढे करूनही शॉवरखालची भिंत काही वर्षांत पुन्हा हात मागतेच. पायाखालच्या लाद्यांना तर हा उपाय करूच नये.

येथे आम्हांला कल्हईवाला आठवला. पितळेच्या पातेल्यावर कथील चढवायचे, वापरात ते झिजायचे आणि कल्हईवाला पुन्हा दारात यायचा. धातू तोच, बसऱ्याच्या झिलईतला. पण त्या कुंभाराने तो कायमचा बसवला, तर कल्हईवाल्याने पुन्हा येण्याच्या बोलीवर. कल्हईला कुणी लबाडी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिचा तात्पुरतेपणा सर्वांनाच ठाऊक असे आणि तो घरखर्चात धरलेला असे. टाइलवरच्या रंगाकडे झिलई म्हणून पाहिले तर तो खोटा ठरतो. कल्हई म्हणून पाहिले तर त्याच्याविषयी तक्रार करण्यासारखे फारसे काही राहत नाही. वास्तुकलेचे इतिहास नव्याने बांधणाऱ्यांचे लिहिले जातात. वरचेवर हात मारून आहे ते चालवणाऱ्या भाडेकरूंची आणि पगडीच्या घरांतल्या कुटुंबांची नोंद फारतर वाण्याच्या नाहीतर रंगाऱ्याच्या वहीत सापडावी.

असो. काम गेल्या महिन्यात पुरे झाले. भिंती आता सायीच्या रंगाच्या आहेत. गीझरच्या पाइपामागे ब्रश पोहोचेना, तेथे अर्ध्या टाइलवर तपकिरी गुच्छ तसाच राहिला आहे. रंगारी बारीक ब्रश आणायला निघाला होता. यजमानीणबाईंनीच त्याला राहू दे म्हणून सांगितले.