गाळाने पाणी शुद्ध होतं तेव्हा…

आपण फ्लश दाबतो आणि विसरून जातो. ते पाणी नदीत जाण्याआधी स्वच्छ कोण करतं? प्रामुख्याने जिवाणू! नवल वाटलं ना?

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची टेम्स नदी मैल्याने इतकी भरली, की दुर्गंधीमुळे पार्लमेंटचं कामकाज चालवणं कठीण झालं. मग मोठी भुयारी गटारं बांधली गेली. पण गटार मैला फक्त पुढे ढकलतं. पटकी आणि टायफॉइडचे जंतू अशाच पाण्यातून पसरतात, त्यामुळे नदीकाठच्या पुढच्या वस्तीचा धोका तसाच राहतो.

उपाय सापडला मँचेस्टरमध्ये. गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेत सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहून आले. त्यांच्या सांगण्यावरून आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यात हवा सोडली. पाण्यातल्या अमोनियाचं पूर्ण रूपांतर व्हायला सुमारे ५ आठवडे लागले. एवढा वेळ कोणत्या शहराला परवडणार?

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं निवळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. प्रत्येक खेपेला गाळ वाढला आणि वेळ घटला. अखेर तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागलं. दह्याच्या विरजणासारखाच हा प्रकार! घाण म्हणून टाकायचा तो गाळ म्हणजे कामाला लागलेल्या जिवाणूंची फौज होती. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले.

तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल, तर तिथल्या बुडबुडणाऱ्या तपकिरी टाकीत बहुधा हेच चालू असतं. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

• वीजबिल वाचवायला ब्लोअर तासन्‌तास बंद ठेवू नका. हवेविना हे जिवाणू मरतात.
• फिनाइल, ॲसिड बाटलीभर ओतू नका.
• उरलेली अँटिबायोटिक्स संडासात टाकू नका. ती या जिवाणूंनाही मारक ठरू शकतात आणि पूर्णपणे नष्टही होत नाहीत.
• शुद्ध केलेलं हे पाणी पिऊ नका. ते निवळ दिसलं तरी त्यात रोगजंतू उरू शकतात.

सगळेच जिवाणू आपले शत्रू नसतात. काही रात्रंदिवस आपल्या आरोग्याची राखण करतात.