पहिला पंप

घरात समुद्र पाळणं म्हणजे हत्ती पोसणंच! तरी आज पाणी खेळवायला पंप आहे, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर आहे. बटण दाबा आणि खुशाल आरामखुर्चीत बसा. १८४६ मध्ये लंडनच्या अ‍ॅना थिनबाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले, तेव्हा यातलं काहीच नव्हतं. होती एक मोलकरीण. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ती अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून खारं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. प्रवाळ जगले, बाईंचं नाव इतिहासात गेलं. आणि मोलकरणीचं? छे हो! पंपावर निदान कंपनीचं नाव तरी असतं.