चार पीएसआयची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात गावाकडे जाताना पंपावर हवा भरायला थांबलो. भरणारा पोरगा म्हणाला, "दादा, ऊन लई आहे, दोन-चार कमीच ठेवतो. टायर फुटायला नको." हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. माझं पीएचडीचं काम रबर वारंवार ताणलं की कसं थकतं यावर आहे, म्हणून मी नको म्हणालो. पण का नको, ते तिथं उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. आज सांगतो. त्यासाठी २००० सालच्या अमेरिकेत जावं लागेल, कारण तिथे या 'दोन-चार कमी'वरून दोन मोठ्या कंपन्यांची जवळपास शतकभराची सोयरीक तुटली.

९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते. हायवेवर वेगात असताना टायरच्या आतले पोलादी तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटायचे, वरचा जाड थर सालीसारखा निघून यायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकी सरकारी नोंदीत मृतांचा आकडा २७१ वर गेला. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत या घटना जास्त होत्या.

इशारा आधीच मिळाला होता. स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या सॅम बॉयडन या संशोधकाला दाव्यांचे कागद चाळताना अशा २१ घटना सापडल्या. १९९८ मध्ये त्याने त्या सरकारी वाहतूक सुरक्षा यंत्रणेला कळवल्या. तिने चौकशी उघडली मे २००० मध्ये.

आता मुद्द्याचा आकडा. एक्सप्लोररसाठी फोर्डने सांगितलेला दाब होता २६ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला २६ पौंड. फायरस्टोनचं म्हणणं होतं, ३० हवा. फरक फक्त चारचा. मग एवढं काय बिघडतं?

गाडीचं वजन टायरमधलं रबर नाही, मुख्यतः आतली हवा पेलते. हवा कमी झाली की टायर जमिनीपाशी जास्त दबतो. एक्सप्लोररच्या टायरचा परीघ साधारण २.३ मीटर. ताशी ११० किलोमीटर वेगाला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तेरा वेळा दबतो आणि पुन्हा सरळ होतो. रबर दाबायला लागलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून स्वतःतच ठेवतं. जितकं जास्त दबणं, तितकी जास्त उष्णता. रबर वाईट उष्णतावाहक असल्यामुळे ती लवकर बाहेरही पडत नाही. पट्ट्यांच्या कडेला बारीक भेग असेल तर गरम रबरात ती वेगाने वाढते. त्यात भर उन्हाची, सामानाची, वेगाची.

म्हणजे दोष २६ चाच का? इथे थांबायला हवं. फोर्डने उत्तर दिलं की गुडइयरचे टायरही एक्सप्लोररवर २६ नेच चालले, पण त्यांचा अनुभव असा नव्हता. मुद्दा बिनतोड आहे. फायरस्टोनने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाने हवामान, भार आणि दाब, टायरची रचना, डिकेटर कारखान्यातली बनावट अशी अनेक कारणं एकत्र मांडली. मला ते पटतं. कमी हवेने एकट्याने टायर मारला नाही, पण चांगल्या टायरकडे चूक सोसायची जी शिल्लक असते, ती तिने खाल्ली. ज्या टायरमध्ये ती मुळातच कमी होती, तो आधी गेला. मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर देणंच बंद केलं.

या सगळ्यातून १ नोव्हेंबर २००० रोजी एक कायदा आला. कमी हवेची सूचना देणारा दिवा गाडीत असावा, असं त्यात ठरलं. २००१ च्या सरकारी पाहणीत साधारण चारातल्या एका कारचा एखादा तरी टायर २५ टक्क्यांहून जास्त कमी हवेवर चालत होता. हे चालकांना कळत नव्हतं, कारण आजच्या रेडियल टायरची बाजू पुरेशी हवा असतानाही थोडी फुगलेलीच दिसते. नियमावर न्यायालयात भांडण झालं, तो पुन्हा लिहावा लागला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना दिवा सक्तीचा झाला. पण तोही पेटतो २५ टक्के हवा गेल्यावर. तीसचे सव्वीस झाले, तर तो गप्पच राहतो!

आता पंपावरच्या पोराकडे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. चालून गरम झाल्यावर दाब वाढतो, हे कंपनीने आधीच धरलेलं असतं. उन्हाळा म्हणून हवा कमी ठेवली की टायर जास्त दबतो आणि उलट जास्तच तापतो. ज्या फुटण्याला आपण भितो, त्याचीच तयारी आपण करून देतो. म्हणून महिन्यातून एकदा सकाळी, गाडी काढायच्या आधी, स्टेपनीसकट पाचही टायर मोजा.

पुढच्या वेळी त्या पोराला एवढंच सांगणार आहे: "ऊन आहे ना, मग तर पूर्ण भर."