शालेय इतिहासाध्यापन आणि कुडलचा शिलालेख

शाळांतून इतिहास शिकविण्याच्या रूढ पद्धतीचा मुख्य दोष असा की, विद्यार्थ्याच्या हाती केवळ निष्कर्ष पडतो. तो कोणत्या पुराव्यावरून निघाला, हे त्यास कळत नाही. इंग्लंडमध्ये एम. डब्ल्यू. कीटिंग यांनी १९१० साली मूळ साधनांच्या द्वारे इतिहास शिकविण्याचा पुरस्कार केला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच. नाट्यीकरण, चित्रे व सहली यांनी वर्गात गोडी उत्पन्न होते खरी; परंतु पुराव्याशी गाठ न पडल्यास ती रंजनापलीकडे जात नाही.

सोलापूरच्या शिक्षकास अशा साधनासाठी दूर जावयास नको. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग-कुडल हे स्थान आहे. तेथील संगमेश्वर मंदिरातील शके ९४० चा मराठी लेख सोलापूरचे आनंद कुंभार यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणला. कुंभार हे विद्यापीठातील अध्यापक नव्हते. संशोधन ही केवळ पदवीधरांची मिरास नव्हे, हे मुलांना त्यांच्या उदाहरणावरून सहज पटते. शकात ७८ मिळविले असता इ. स. १०१८ हे वर्ष येते, एवढा हिशेब आठवीचा विद्यार्थीही स्वतः करू शकतो.

खरा धडा यापुढे सुरू होतो. श्रवणबेळगोळ येथील लेख मराठीतील आद्य लेख म्हणून पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविला गेला. त्यातील एका वाक्यात मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाचा, तर दुसऱ्यात भोवतालचे आवार करविणाऱ्या गंगराजाचा उल्लेख आहे. चामुंडराय दहाव्या शतकातला. गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी कोरलेली असतील, तर लेख मूर्तीइतका जुना कसा ठरावा? घटनेचा काळ आणि लेखनाचा काळ यांतील भेद येथे विद्यार्थ्यास स्वतःच उमगतो. कुडलच्या लेखात शक दिलेला असल्याने त्याचे महत्त्व आगळे आहे. तथापि वाद तेथेही मिटत नाही. रायगड जिल्ह्यातील आक्षीचा लेख शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा म्हणून वाचला. मात्र हे वाचन सर्वमान्य नाही.

अशा वेळी शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाकडे एकेक लेख सोपवावा. काळ कशावरून ठरतो व शंकेस जागा कोठे राहते, हे मुलांनीच मांडावे. शक्य तेथे प्रत्यक्ष स्थळदर्शन घडवावे. न जमल्यास ठशाचे छायाचित्रही पुरेसे होते.

अडचण आहे ती परीक्षेची. ‘आद्य मराठी शिलालेख कोणता?’ या प्रश्नास एका शब्दाचे उत्तर व एक गुण ठरलेला असेल, तोवर वर्गातील ही चर्चा विद्यार्थ्यास निरुपयोगीच वाटणार. म्हणून त्या प्रश्नास ‘कशावरून?’ एवढा एक शब्द जोडणे अवश्य आहे. ऐकीव गोष्टीस पुरावा मागण्याची सवय शाळेत लागली नाही, तर ती पुढे सहसा लागत नाही. आणि ती ज्यांना नाही, त्यांच्यापुढे कोणीही कोणताही इतिहास मांडू शकतो.