कतञ्ञुता : केलेले जाणणारे मन

पालीत कृतज्ञतेला ‘कतञ्ञुता’ म्हणतात. ‘कत’ म्हणजे केलेले, ‘ञू’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जाणतो तो कतञ्ञू. ते बोलून वा कृतीतून दाखवतो तो कतवेदी. तिपिटकात हे दोन शब्द बहुधा जोडीनेच येतात. महामंगल सुत्तातील ३८ मंगलांत कतञ्ञुतेचा समावेश आहे. अंगुत्तर निकायात जगातील दोन दुर्मीळ माणसे सांगितली आहेत : आपणहून आधी उपकार करणारा आणि कतञ्ञू-कतवेदी.

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामात कुशल विचार उपजवणे आणि उपजलेले टिकवणे येते. अपमान मन घट्ट धरून ठेवते, मदत मात्र लवकर विसरते. म्हणून सराव लागतो. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ मधील अभ्यासात दर आठवड्याला कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणारे विद्यार्थी, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले.

बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) आईवडिलांना, तर ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) महात्मा फुले यांना अर्पण केले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी सविता आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण मान्य केले होते. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही. हे आपल्याला आजही टोचायला हवे.

मात्र कृतज्ञता म्हणजे मिंधेपणा नव्हे. शिष्यवृत्ती हा हक्क आहे. ती मंजूर झाली म्हणून साहेबापुढे वाकायचे कारण नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला देत बजावले होते की, स्वाभिमान गहाण टाकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही. थोर नेत्यांबद्दलच्या कृतज्ञतेलाही त्यांनी ही मर्यादा घातली. अन्यायाविरुद्धचा राग आणि कृतज्ञता एकाच मनात सुखाने राहू शकतात.

रात्री त्रिशरण-पंचशील झाल्यावर वहीत दोन-तीन नावे लिहा. ‘सगळ्यांचे आभार’ असे मोघम नको. परीक्षेची फी कोणी भरली, अभ्यासिकेची चावी कोणी दिली, मोर्चाच्या दिवशी डबा कोणी आणला, असे नेमके लिहा. रोज जमले नाही तर आठवड्यातून एकदा. आणि वहीतल्या एखाद्याला अधूनमधून फोन करा, कारण कतवेदीचे काम तिथून सुरू होते.