शिकविणारा कारखानदार : दादासाहेब फाळके

गोदातीरावरील नाशिक नगरी तीर्थक्षेत्र म्हणून जशी सर्वपरिचित आहे, तशीच ती भारतीय चित्रपटसृष्टीची एक आद्य कर्मभूमी म्हणूनही ओळखली जाते. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा पहिला भारतीय कथाचित्रपट निर्माण केला, हे सर्वश्रुत आहे. त्या चित्रपटासाठी लागणारी माणसे मात्र त्यांना तयार मिळाली नव्हती. ती त्यांनी स्वतः घडविली. दादासाहेबांच्या कार्याची ही बाजू तुलनेने उपेक्षित राहिली आहे.

दादासाहेबांचे स्वतःचे जीवन हे अखंड शिकण्याचे होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रणव्यवसाय यांतून त्यांची दृष्टी घडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतील कामकाज त्यांना मोकळेपणाने दाखविले. परक्या देशातील एका अनोळखी माणसाला मिळालेले हे ज्ञान घेऊन ते परतले आणि त्यांनी तेच औदार्य आपल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत आचरणात आणले.

या कार्यशाळेतील पहिल्या विद्यार्थिनी म्हणजे त्यांच्या सुविद्य पत्नी सरस्वतीबाई. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली येत असे. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे व फिल्म धुणे ही कामे दादासाहेबांनी त्यांना शिकविली. दिवसा कामावरील सर्व मंडळींचा स्वयंपाक करून त्या रात्री हे काम करीत. त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबकराव तेलंग यांच्या हाती त्यांनी कॅमेरा दिला. तेलंगांना या यंत्राचा पूर्वानुभव नव्हता. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’चे छायाचित्रण त्यांनीच केले.

सर्वांत बोलके उदाहरण अण्णा साळुंके यांचे आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा हा नाजूक हातांचा तरुण दादासाहेबांच्या दृष्टीस पडला. दरमहा १० रुपयांवर राबणाऱ्या साळुंक्यांना त्यांनी १५ रुपये देऊ केले आणि हावभावांपासून सर्व काही शिकविले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुढे १९२० नंतरच्या काळात ते कॅमेऱ्यामागे उभे राहून छायाचित्रकार झाले. १५ रुपयांच्या पगारात त्यांना असे एक कसब मिळाले, जे पुढे कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्यानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड व कार्यशाळा नाशिकला हलविली. चित्रपटात काम करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. म्हणून त्यांनी आपल्या मंडळींना सांगून ठेवले होते, की कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगावे. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचे नाव याच प्रसंगाची आठवण करून देते. नावाला कारखाना असलेली ही जागा प्रत्यक्षात शाळाच होती. १९१७ साली दादासाहेबांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा लघुपटही काढला आणि ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. आपले व्यवसायरहस्य कुलूपबंद ठेवण्याचा मोह त्यांना झाला नाही.

या वाटचालीला एक खिन्न बाजूही आहे. १९१८ साली भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही काळाने ते पुन्हा कंपनीत परतले. संस्थापक नसतानाही कंपनीचे काम सुरू राहिले, यातच त्यांच्या शिकवणीचे यश दिसते. कलावंत व तंत्रज्ञ त्यांनी घडविले. मात्र भागीदारांशी त्यांचे सूर जुळले नाहीत. हाताखालच्या माणसाला शिकविणे आणि बरोबरीच्या माणसाला समजून घेणे हे दोन वेगळे गुण आहेत, हा धडाही या इतिहासातून मिळतो.

हीच परंपरा कोल्हापुरात अधिक विस्तारली. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून प्रेरणा घेतलेल्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम यांनी उमेदवारी केली. १९२९ साली त्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ उभारली. त्याच संस्थेचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. शिष्य बाहेर पडतात, स्वतंत्र संस्था काढतात आणि प्रसंगी गुरूलाही मागे टाकतात. शिकविणाऱ्याने हे गृहीतच धरावे लागते.

दादासाहेबांचे निधन १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे झाले. अखेरचा काळ त्यांनी आर्थिक विवंचनेत काढला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती मात्र काळाच्या उदरात गडप झाल्या. फिती नष्ट झाल्या, पण त्यांनी शिकविलेले कसब हातांतून हातांत जात राहिले.

आज सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत शिकाऊ उमेदवार रुजू होतात. पेढ्यांवर व दुकानांत नवे तरुण येतात. त्यांना केवळ काम सांगितले जाते की काम शिकविले जाते, यावरून त्या कारखान्याचे वा पेढीचे भवितव्य ठरते. कोणतीही संस्था पन्नास वर्षे चालते, ती तिच्या संस्थापकांनी आपल्यामागे काम पेलणारी माणसे उभी केली म्हणूनच. स्वयंपाकघरातील तरुणाच्या हाती कॅमेरा देण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्याच हातून अशी माणसे उभी राहतात.